वजन बसल्यावर

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, टायरवाल्याच्या मागं माझं शेड.
मे महिना. कूलरची हवा ज्याला लागते तो काम करत नाही,
काम करतो त्याला लागत नाही.

तिथं ट्रॉलीवरून उतरली लिलावातली गोल्फ कार्ट,
कधीतरी पांढरी असलेली.
सोबत शालिकराम नंदनवार.
अठ्ठावीस वर्षं कामठीच्या मैदानावर
साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहिली.
आता कळमेश्वरकडे मेव्हण्याच्या बागेत
संत्र्याचे क्रेट वाहायचे,
आणि गुडघे बदललेली बायको.
"उंच करून दे भौ. काळ्या मातीत पोट टेकते हिचं."

पुढची बाजू एका दिवसात झाली.
मागच्या बाजूनं आठवडा खाल्ला.

तीन पानांच्या पाट्याजागी पाच पानांचा,
एक्सलवर तीन इंची ठोकळा, लांब यू-बोल्ट, शॅकल नवे.
जुने शॉकअप आखूड पडले,
बसच्या दांड्याला टाचा उचलून लोंबकळणाऱ्या
पोरासारखे ताणलेले.
मालवाहू तीनचाकीचे आणून बसवले,
वरचा कान दोन बोटं आत सरकवून.

फेरी मारली. खड्डा नव्हता तिथंही उडाली.
शालिकराम म्हणाला, "रिकामा माणूस असाच उडते."
एक पान काढलं.
मग किरकिर. पानांच्या मधे ग्रीस.
मग डावीकडे तीन सूत खाली.
मी टेप लावून मोजलं, पुन्हा मोजलं,
त्यानं टेप न लावता सांगितलं होतं,
लांबून, एक डोळा मिटून.
त्याचाही डावा खांदा उतरलेला,
पण ते मी मोजलं नाही.

सहाव्या दिवशी फैजाननं
चाकं हवेत असतानाच सगळे बोल्ट आवळले.
"अबे, अधांतरी आवळत असतात का?
बुशातलं रबर तसंच पिळून राहते.
गाडी खाली आली तरी त्याला वाटते आपण लटकलेलेच.
आधी खाली घे. वजन बसू दे. मग पाना लाव."

वजन किती?
आठ क्रेट, वीस-वीस किलोचे. आणि ती, अठ्ठावन्न.
क्रेट कुठून आणणार मे महिन्यात?
माणसं बसवली.
मागच्या सीटवर, जिचं तोंड मागं असते,
टायरवाला इक्बाल, पोहेवाल्या कुंदाबाई हातातल्या झाऱ्यासकट,
मधे शालिकराम, पिशवी मांडीवर.
मी पाठीवर झोपून खाली सरकलो.
वाकलेली पानं हळूहळू सपाट होत गेली,
शॅकल मागं कलले, जिथं कलायला हवे तिथं थांबले.
"हलू नका."

वरून आवाज येत होते.
कुंदाबाई: "चौक असा दिसते होय?
पंधरा वर्षं झाली ठेला लावून, त्याच्याकडे पाठच माझी."
इक्बालचा फोन वाजला, त्यानं उचलला नाही.
एक बस गेली. तिची धूळ माझ्या डोळ्यांत.

मग शालिकराम, कुणाशी ते कळलं नाही:
"बसलो नव्हतो कधी.
बाजूनं चालत जायचो.
उतारावर पळत."

कुणी काही बोललं नाही.
झाऱ्यातून तेलाचा एक थेंब
माझ्या कोपराशेजारी पडला.

"हलू नका," मी म्हणालो, "अजून दोन बोल्ट आहेत."
फैजान वाकून खाली डोकावला:
"झाले ना उस्ताद सगळे?"
"गप बे," मी म्हणालो,
आणि पाना तसाच लावून धरला.